गाणाऱ्या पेट्यांच्या कारखान्यातली बंदूक

आमच्या संगीत विद्यालयातली मंडळी आता चहूकडे पांगली आहेत. कोणी गाण्याचे वर्ग चालवतं, कोणी बँकेतून निवृत्त झालंय, एकजण अजून संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो. दिवाळीच्या सुमारास सगळे एकमेकांना खुशाली कळवतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मैत्रिणीच्या खुशालीत यंदा मुलीच्या पदवीच्या बातमीला लागून एक बंदूक आली. तिचे यजमान अमेरिकन. त्यांच्या वडिलांच्या मागे ती वारसाहक्काने या घरी आली, आणि सासऱ्यांनी ती दुसऱ्या महायुद्धातून परतताना सोबत आणली अशी घरातली समजूत. पोलादावर ठोकलेलं नाव तिने लिहून पाठवलं होतं : रॉक-ओला. "हे तर ज्यूकबॉक्सवाल्यांचं नाव ना रे?"

होय, त्यांचंच. नाणं टाकलं की आपल्या पसंतीची तबकडी वाजवणाऱ्या त्या पेट्या आपल्याकडेही होत्या. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे माँडेगारमधला ज्यूकबॉक्स अनेकांनी पाहिला असेल. शिकागोची रॉक-ओला कंपनी १९३५ पासून त्या बनवत आली. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने करमणुकीच्या यंत्रांचं उत्पादन थांबवलं आणि कारखान्यांना युद्धकामाला जुंपलं. रॉक-ओलाच्या वाट्याला आली 'एम-१ कार्बाइन', जेमतेम अडीच किलोची, पंधरा गोळ्यांच्या मॅगझीनची, हलकी सैनिकी बंदूक. टाइपरायटरवाली अंडरवुड आणि हिशेबयंत्रांची आयबीएम याही तीच कार्बाइन बनवत होत्या. एकंदर साठ लाखांहून अधिक निघाल्या, त्यांत रॉक-ओलाच्या २,२८,५००. ज्यूकबॉक्सवाल्यांना हे काम जमलं याचं मला नवल वाटत नाही. ओळीने लावलेल्या तबकड्यांतून नेमकी एक उचलून आणणारी यंत्रणा ज्यांनी बसवली, आणि तिच्याभोवती लाकडाची देखणी कपाटं उभी केली, त्यांच्या हाताला पोलादाचा बारकावा आणि अक्रोडाचा दस्ता, दोन्हीची सवय होतीच.

मला त्याहून भुरळ पडली ती नावाची. पुष्कळांना वाटतं की हे नाव रॉक संगीतावरून आलं. ते शक्यच नाही. 'रॉक अँड रोल' हे संगीताचं नाव म्हणून गाजलं १९५० च्या दशकात, आणि तोवर या नावाच्या बंदुका एक महायुद्ध लढून आल्या होत्या. रॉकोला हे संस्थापकाचं आडनाव. डेव्हिड रॉकोला, जन्म १८९७, कॅनडातल्या मॅनिटोबाचा. प्रश्न आहे तो मधल्या आडव्या रेघेचा. प्रचलित खुलासा असा की लोक आडनाव चुकीचं उच्चारत, म्हणून त्याने ते फोडून लिहिलं. खुलासा सरळ आहे, पण मला अपुरा वाटतो. उच्चाराची अडचण असणारी आडनावं शिकागोत हजारो होती. त्यांचे मालक नावात रेघ ओढून पाट्या रंगवत नव्हते.

त्या काळची बाजारपेठ डोळ्यांपुढे आणा. १८९० च्या दशकात आपोआप वाजणारा पियानो 'पियानोला' म्हणून विकला जाऊ लागला. १९०६ मध्ये व्हिक्टर कंपनीने कर्णा पेटीच्या पोटात दडवलेला ग्रामोफोन काढला, त्याचं नाव 'व्हिक्ट्रोला'. ही चाल पुढेही टिकली : १९३० मध्ये शिकागोतच मोटारीत बसवायचा रेडिओ निघाला, 'मोटोरोला'. 'ओला' शेपूट लावलं की ते सूर काढणारं यंत्र, हे गिऱ्हाइकाच्या कानात पक्कं बसलं होतं. आणि या माणसाच्या आडनावाला ते शेपूट जन्मजात होतं! रेघ ओढून त्याने ते वेगळं दाखवलं, असं माझं ठाम मत.

यावर एक आक्षेप जोरदार आहे. १९२७ च्या सुमारास रॉक-ओलाने धंदा सुरू केला तो गाण्याचा नव्हे, नाणं टाकून वजन करायच्या काट्यांचा. मग सुरांचं शेपूट काट्याला कशाला? उत्तर असं की तोवर 'ओला' संगीतापुरतं उरलंच नव्हतं. १९०३ चे 'क्रेयोला' खडू घ्या. त्यातला 'ओला' तेलकट या अर्थाच्या शब्दातून आला, संगीताशी त्याचा संबंध नाही. पण कानाला नाद तोच. नव्या, यांत्रिक, दुकानी मालाचा तो नाद झाला होता, आणि काटाही नाण्यावर चालणारं यंत्रच. पुढे ज्यूकबॉक्स आले तेव्हा नाव आपल्या मूळ घरी पोचलं. मुळात पियानोलात ते शेपूट 'व्हायोला' वाद्यावरून आलं असावं असा माझा कयास. काही जण ते नुसतं लाडिक लघुरूप मानतात. पैसे चारून गाणी वाजवून घेण्याला अमेरिकेत 'पेयोला' म्हणू लागले, तोही याच कुळातला. आणि लॅटिन अमेरिकेत कोणत्याही कंपनीच्या ज्यूकबॉक्सला 'रोकोला' म्हणतात, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. इक्वेडोरमध्ये तर त्यावरून गाण्याच्या एका प्रकाराचं नाव पडलं.

आता मैत्रिणीची बंदूक. कार्बाइनवर कंपनीचं नाव आणि खाली क्रमांक असतो तो नेम धरायच्या मागच्या साइटच्या पाठीमागे. तिला नाव धड दिसेना, कारण साइटच्या रुंद पायाखाली ते निम्मं झाकलं होतं. हा पुरावा मोलाचा. सुरुवातीच्या कार्बाइनना दोन पानांची साधी, उलटणारी साइट असे. सरकवता येणारी रुंद साइट नंतरची. तिने पाठवलेल्या छायाचित्रात नळीच्या पुढच्या कड्याला संगीन अडकवायचा खुंटही दिसतो आणि सेफ्टीला बटणाऐवजी फिरती पट्टी आहे. जुनं बटण मॅगझीन सोडायच्या बटणाशेजारीच असल्याने घाईत भलतंच दाबलं जाई, म्हणून ते बदललं. हे तिन्ही बदल एकाच बंदुकीवर आढळले की ती बहुधा युद्धानंतर लष्करी शस्त्रागारात खोलून पुन्हा जुळवलेली असते. त्या जुळवणीत सुटे भागही एकमेकांत मिसळत. हिच्या नळीवर अंडरवुडचं नाव आहे ते बहुधा त्यामुळेच.

म्हणजे घरातल्या समजुतीला धक्का बसतो. शत्रूकडून जिंकलेलं हत्यार कागद करून घरी नेता येई, पण स्वतःला मिळालेली सरकारी बंदूक सैनिकाला परत करावी लागे. काही जणांनी लपवून नेल्याही, मात्र त्यांवर नंतरच्या शस्त्रागाराचे बदल कुठून येणार? उलट १९६३ मध्ये लष्कराने अशा जुळवलेल्या कार्बाइन राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सभासदांना वीस डॉलरला विकल्या, पोचवण्याच्या खर्चासकट. सासरे त्या संघटनेचे सभासद होते, असं यजमानांना आठवतं.

मैत्रिणीला मी हेच कळवलं. ही बंदूक युद्धकाळात बनली यात मला शंका नाही, पण ती सासऱ्यांच्या खांद्यावरून घरी आली नसावी, बहुधा विकत घेतलेली असावी. वारसाच्या कागदावर 'युद्धातून आणलेली' खोडून 'बहुधा १९६३ च्या सुमारास विकत घेतलेली' असं लिही. आणि पॉलिश करणाऱ्याच्या हाती ती देऊ नकोस. ठोकलेली अक्षरं घासली गेली तर रॉक-ओला हे नाव जाईल आणि मागे साठ लाखांतली एक कार्बाइन तेवढी उरेल.