‘आम्हीही’मधला ‘ही’ : दलित स्त्रियांचा इतिहास कोणी लिहिला?

१/ २० जुलै १९४२, नागपूर. सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. डॉ. आंबेडकर यांनीही तेथे भाषण केले. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वावर बंदी, कामगार स्त्रियांना भरपगारी रजा असे ठराव तेथे संमत झाले. हिंदू कोड बिलावरून देशभर वादळ उठण्याच्या कितीतरी आधीची ही घटना.

२/ तरीही हजारोंच्या संख्येने जमलेल्या या स्त्रिया पुढची अनेक दशके इतिहासग्रंथांत अभावानेच दिसतात. दलित चळवळीचा इतिहास पुरुष पुढाऱ्यांभोवती रचला गेला. स्त्री-सुधारणेचा इतिहास सवर्ण घरांतील स्त्रियांभोवती.

३/ ही पोकळी केवळ महाराष्ट्रातील नव्हती. १९८२ साली अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांविषयी एक संपादित ग्रंथ निघाला. त्याच्या शीर्षकातच हीच व्यथा होती : ‘स्त्रिया’ म्हटले की गोऱ्याच गृहीत धरल्या जातात आणि ‘कृष्णवर्णीय’ म्हटले की पुरुषच.

४/ मराठीत या मौनाला उत्तर दिले दोघींनी. कथालेखिका उर्मिला पवार आणि स्त्रियांसाठी नियतकालिक चालवणाऱ्या मीनाक्षी मून. आंबेडकरी चळवळीत तरुणपणी उतरलेल्या स्त्रिया तोवर वृद्धत्वाकडे झुकल्या होत्या. त्यांच्या आठवणी कागदावर उतरल्या नसत्या, तर त्यांच्याबरोबरच संपल्या असत्या.

५/ दोघींनी अशा स्त्रियांचा शोध घेतला, मुलाखती घेतल्या. १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पूर्वार्धात चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा ऐतिहासिक आढावा, उत्तरार्धात प्रत्यक्ष स्त्रियांच्या जीवनकथा.

६/ ही रचना अभ्यासकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. मौखिक साक्षीत सन-तारखा निसटतात. कागदपत्रांत घर, चूल आणि भीती सापडत नाही. दोन्ही साधने शेजारी ठेवली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. २००८ मध्ये वंदना सोनाळकर यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला.

७/ इतरांच्या कथा टिपणाऱ्या उर्मिलाताईंनी २००३ मध्ये स्वतःची कथा मांडली : ‘आयदान’. आयदान म्हणजे बांबूच्या सुपा-टोपल्या. रत्नागिरीजवळच्या गावात त्यांच्या आई त्या विणून संसार चालवीत. आईचे विणणे आणि आपले लिहिणे हे एकाच वेदनेचे धागे आहेत, अशी लेखिकेची धारणा आहे.

८/ पुढे सुषमा देशपांडे यांनी ‘आयदान’ रंगमंचावर आणले. तीन अभिनेत्री मिळून ही कथा सांगतात. आठवणीतून मुलाखत, मुलाखतीतून ग्रंथ, ग्रंथातून नाटक : माध्यम बदलत गेले आणि जी वाचू शकत नव्हती, तिच्यापर्यंतही तिचाच इतिहास पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

९/ कोल्हापूर संस्थानातील माणगावची मार्च १९२० ची परिषद आज सर्वांना ठाऊक आहे. शाहू महाराज आणि बाबासाहेब तेथे काय बोलले, हेही वाचायला मिळते. त्या परिषदेहून परतलेल्या माणसांच्या घरांत त्या रात्री काय बोलणे झाले, हे सांगणारे मात्र आता कोणी उरलेले नाही.

१०/ १९५६ चे धम्मचक्र प्रवर्तन दहाव्या वर्षी पाहिलेली मुलगी मात्र आज ऐंशीच्या घरात आहे. ‘आम्हीही’मधला तो ‘ही’ अजून पुरता लिहून झालेला नाही. आणि वेळ थोडा आहे.