बाईचं काम, बाईचं शिक्षण आणि बाईचा पगार

मंडळी, "शिक्षणामुळे बाई कामाला लागली" हे वाक्य आपण फार सहज बोलतो. कळंबमध्ये उभं राहून ते म्हणायला मला जड जातं. इथली बाई गावात मुलींची शाळा यायच्या कितीतरी आधीपासून कामाला होती. खुरपणी तिची, वेचणी तिची, ज्वारीच्या काढणीला तीच. पैसे कुणाच्या हातात पडायचे, एवढंच विचारायचं.

पुण्याची गोष्ट वेगळी आहे. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, १८९६ मध्ये कर्व्यांनी आश्रम, १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन. तिथून शिकून नोकरीला लागलेल्या बायका बहुतेक मास्तरीण झाल्या, नाहीतर नर्स. यांतल्या पुष्कळजणी विधवा होत्या. नवरा नाही, मग पोटाचं काय, म्हणून नोकरी! सवाष्णीनं नोकरी केली तर नवऱ्याची कमाई पुरत नाही असा अर्थ निघायचा. तो अजून पुरता गेलाय असं मला वाटत नाही.

आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. शाळा थोड्या, वरच्या वर्गांना उर्दू. मराठी घरातला मुलगाच तिथं अडखळायचा, मुलीला कोण विचारतो? गंमत बघा, १९३१ मध्ये याच निजामाच्या थोरल्या मुलाचं लग्न तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाच्या मुलीशी, दुर्रेशेहवार यांच्याशी झालं. तिच्या माहेरच्या देशात खलिफापद जाऊन अतातुर्कांचं प्रजासत्ताक आलं होतं. १९३४ मध्ये तिथं बायकांना संसदेसाठी मताचा हक्क मिळाला, पुढच्याच वर्षी १७ जणी निवडून आल्या. पण नंतरचं ऐका. शाळा वाढत गेल्या आणि कामावरच्या बायकांचं प्रमाण कित्येक वर्षं घसरत गेलं. खेड्यात शेतात राबणारी बाई शहरात आली आणि गृहिणी झाली.

हे आपल्याला परकं वाटू नये. सोयरीक जमवताना आपल्याकडे मुलगी पदवीधर पाहिजे असते. मग ती शेतात जात नाही, आणि डी.एड. करूनही भरतीची वाट बघत घरी बसते.

आता उलटं उदाहरण. १९७२ चा दुष्काळ. रोजगार हमीच्या कामांवर, पाझर तलावावर, खडी फोडायला हजारो बायका आल्या. बहुतेकींचा अंगठा. पण मस्टरवर तिचं स्वतःचं नाव, आणि मजुरी कामाच्या मापावर. बाई की पुरुष हे बघून नाही. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. याच्या शेजारी ऊसतोडीचा कोयता ठेवा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, उचल मात्र नवरा घेतो. सहा महिने तोडणी करून तिच्या नावावर काय? काहीच नाही.

म्हणजे शिकली की सुटली, असं गणित नाही. १९७५ मध्ये अंगणवाडी सुरू झाली. सेविकेला शिक्षणाची अट आहे, आता तर बारावी लागते. पोषण आहार, वजनं, लसीकरणाच्या याद्या, वर सर्वेक्षणं, सगळं तिच्याकडे. मोबदल्याला नाव काय दिलं? मानधन. ती म्हणे मानसेवी! शिकलेल्या बाईच्या कामाला सेवा म्हणायची सवय आपण पुण्याच्या त्या काळापासून उचललीय. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या प्रकरणात सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सांगितलं. पगार हा शब्द त्यांच्या कागदावर अजून आलेला नाही.