वीक ट्यूब ते निळा ठिपका

धुळ्यात मी टीव्ही दुरुस्तीला लागलो, तेव्हा निम्म्या संचांची तक्रार एकच असायची, ‘चित्र काळपट दिसतं, भाऊ.’ पिक्चर ट्यूबच्या कॅथोडवरचा लेप वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉन सोडून थकतो. आम्ही म्हणायचो, ट्यूब वीक झाली. नवी ट्यूब घेणं बहुतेकांना परवडायचं नाही. मग कॅथोड तापवणाऱ्या हीटरला 6.3 व्होल्टऐवजी थोडे जास्त द्यायचे. चित्र उजळायचं, पण ट्यूब उलट लवकर संपायची.

25 जानेवारी 1987ला ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी अशा संचांपुढे गल्ली जमू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात, अमेरिकेत रॉचेस्टरला, कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय रसायनांच्या दोन पातळ थरांतून दहा व्होल्टांच्या आत लख्ख हिरवा उजेड काढल्याचं प्रसिद्ध केलं. आजच्या ओएलईडी पडद्याचा हा पाया. हा उजेडही थकणाराच होता, आणि फार लवकर.

पहिला शत्रू दमटपणा. हवेतली वाफ कॅथोडपर्यंत पोचली की पडद्यावर काळे डाग पसरतात. म्हणून तो कोरड्या नायट्रोजनमध्ये, आत ओलावा शोषणारी भुकटी ठेवून, काचेखाली सीलबंद करू लागले.

दुसरा शत्रू आपल्या ओळखीचा, ऊन. सुरुवातीच्या पडद्यांत टीपीडी नावाचं रसायन असे. ते साठ-पासष्ट अंशांना मऊ पडतं आणि थराची घडी मोडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून तापतो. टीपीडीच्या जागी पंचाण्णव अंशांपर्यंत तग धरणारं एनपीबी आलं. 1996 मध्ये व्हॅन स्लाइक, चेन आणि तांग यांनी त्याखाली कॉपर थॅलोसायनिनचा थर दिला. रंगात आणि शाईत वापरतात तेच हे निळं रंगद्रव्य. दर चौरस मीटरला 510 कँडेलापासून उजेड निम्म्यावर यायला आता सुमारे 4000 तास लागू लागले. पुढच्याच वर्षी पायोनियरने असा पडदा विकायला आणला, तोही गाडीच्या स्टीरिओवर. माझ्या मते या तंत्राची खरी परीक्षा तिथे झाली.

तिसरा शत्रू सापडायला 1999 उजाडलं. झेरॉक्सच्या कॅनडातल्या प्रयोगशाळेत हानी अझीझ, झोरान पोपोविक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उजेड देणाऱ्या अल्क्यू-3 थरात धन प्रभार जास्त शिरले की त्याचे रेणू बिघडतात. धन आणि ऋण प्रभारांचा तोल राखला की पडदा टिकतो.

निळ्याचं दुखणं मात्र चिवट आहे. निळ्या प्रकाशाला जास्त ऊर्जा लागते आणि तीच रेणूचे बंध तोडते. म्हणून अनेक फोनमध्ये निळे ठिपके हिरव्यांपेक्षा मोठे ठेवतात. जागा वाढली की तेवढ्याच उजेडाला प्रत्येक भागावर कमी ताण येतो. पिक्सेल थकेल तसा प्रवाह वाढवणारी सर्किटंही आली. पण तो आमचाच जुना हीटरचा उपाय आहे. त्याने थकवा झाकला जातो, जात नाही. टिकाऊपणा खरा वाढवला तो रसायनांनी आणि सीलबंदीने.

आपल्याकडेही या विषयाचा अभ्यास होतो. नागपूर विद्यापीठातले प्रा. संजय ढोबळे ओएलईडीवरच्या 2017च्या एका इंग्रजी ग्रंथाचे सहलेखक आहेत. खानदेशातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर पाहावा.

आज जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फोनचा डिस्प्ले बदलायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगेन, की ब्राइटनेस गरजेपुरता ठेवा, एकच चित्र तासन्‌तास पडद्यावर राहू देऊ नका, आणि मे महिन्यात फोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नका.