मुलांच्या खोलीची रंगसंगती : हिरवा, पांढरा, पिवळा

१/
फिकट हिरव्या भिंती, पांढऱ्या दारे-खिडक्या आणि खेळण्यांसाठी पिवळे कपाट. मुलांच्या खोलीसाठी आज शेडकार्ड पाहून अशी रंगसंगती सहज निवडली जाते. मात्र हे तिन्ही रंग दीर्घकाळ विषारी द्रव्यांपासून तयार होत असत. ते विष ओळखले कधी गेले आणि रोखले कधी गेले, याचा हा इतिहास.

२/
मुलांसाठी स्वतंत्र, खास सजवलेली खोली ही कल्पना एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील सुखवस्तू घरांत रुजली. १८७५ साली चित्रपुस्तकांचे नामवंत चित्रकार वॉल्टर क्रेन यांनी मुलांच्या खोलीसाठी वॉलपेपर रेखाटला. खोलीच्या भिंती आता मुलांशी बोलू लागल्या. पण त्या काळी वॉलपेपरमध्ये सर्वाधिक धोक्याचा रंग होता हिरवा.

३/
१७७५ साली स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांनी तांबे आणि आर्सेनिक, म्हणजेच सोमल, यांच्या संयुगापासून हिरवा रंग सिद्ध केला. १८१४ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहून तेजस्वी छटा तयार झाली. वॉलपेपर, कृत्रिम फुले, खेळणी, सर्वत्र हा हिरवा रंग पसरला.

४/
१८६२ साली लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच घरातील चार मुले पाठोपाठ दगावली. प्रथम घटसर्पाचा संशय होता. पुढे खोलीतील हिरव्या वॉलपेपरमध्ये आर्सेनिक सापडले; तरीही चौकशीतील ज्यूरीने मृत्यू नैसर्गिकच ठरवला. असा वॉलपेपर बंद करणारा कायदा ब्रिटनने केलाच नाही. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवल्यावर उत्पादकच ‘आर्सेनिकमुक्त’ अशी जाहिरात करू लागले.

५/
१८९० च्या दशकात इटलीतील बार्तोलोमेओ गोसिओ यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ओलसर भिंतीवरील बुरशी अशा रंगापासून लसणासारख्या वासाचा आर्सेनिकयुक्त वायू निर्माण करू शकते. त्याखेरीज रंगाची पूड झडत असे ती वेगळीच.

६/
दुसरा रंग पांढरा. सफेदा म्हणजे शिशाचे कार्बोनेट. जवसाच्या तेलात घोटलेला सफेदा लाकडाला घट्ट धरून राही, म्हणून तो दारे, खिडक्या, कठडे यांवर लागे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात १८९२ साली ए. जेफरिस टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांमधील शिशाच्या विषबाधेची नोंद केली. ती येते कोठून, हे मात्र कळत नव्हते.

७/
उत्तर १९०४ साली जे. लॉकहार्ट गिब्सन यांनी दिले. ब्रिस्बेनच्या कडक उन्हात व्हरांड्याच्या कठड्यावरील रंगाची भुकटी होई. ती मुलांच्या बोटांना चिकटे आणि बोटे तोंडात जात. विष औषधाच्या बाटलीत नव्हते. ते घराच्या रंगातच होते.

८/
१९२१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या अंतर्भागात सफेद्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार संमत केला. त्यामागील मुख्य चिंता रंगाऱ्यांच्या आरोग्याची होती. १९२२ साली क्वीन्सलँडने मुलांच्या हाताला लागेल अशा बाहेरील जागी शिसेयुक्त रंग लावण्यास कायद्याने मनाई केली.

९/
अमेरिकेत याच काळात उलट चित्र होते. नॅशनल लेड कंपनीच्या सफेद्याचे बोधचिन्हच हातात ब्रश घेतलेला ‘डच बॉय’ हा मुलगा होता. १९२३ मध्ये तर कंपनीने मुलांसाठी शिशाचे गुणगान करणारी रंगवण्याची पुस्तिका काढली.

१०/
१९४३ साली बायर्स आणि लॉर्ड यांनी शिशाच्या विषबाधेतून ‘बऱ्या झालेल्या’ २० मुलांचा मागोवा घेतला. त्यांपैकी १९ जणांना शाळेत अभ्यासाच्या वा वर्तनाच्या अडचणी येत होत्या. मूल जगले म्हणजे बरे झाले, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. तरीही घरगुती रंगांतील शिशावर देशव्यापी बंदी येण्यास १९७८ साल उजाडले.

११/
तिसरा रंग पिवळा. १७९७ साली फ्रान्सच्या व्होक्लाँ यांनी सायबेरियातील एका खनिजात क्रोमियम शोधले आणि त्यातून पुढे लेड क्रोमेटचा झळझळीत पिवळा जन्मला. तो दारे, लोखंडी गज, खेळणी यांच्या ऑइलपेंटमध्ये शिरला. आपल्याकडे भिंतींना चुन्यात नीळ घालून रंग देण्याची रीत होती. त्यात शिसे नव्हते. ते आले ते ऑइलपेंटच्या डब्यातून.

१२/
भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरवणारे नियम २०१६ साली अधिसूचित झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. गिब्सन यांच्या निष्कर्षानंतर तब्बल ११३ वर्षांनी.

१३/
कायदा नव्या डब्याला लागू होतो, जुन्या थराला नाही. जुन्या घरांच्या चौकटींवर नव्या रंगाखाली जुने शिसे आजही असू शकते. म्हणून तो थर कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि काम संपेपर्यंत मुलांना व गर्भवती स्त्रियांना तेथून दूर ठेवावे. रंगसंगती ठरवण्याआधी खालचा थर किती जुना आहे, हे विचारणे अधिक महत्त्वाचे.