अजिंठ्याचा कित्ता

बीड जिल्ह्याच्या उत्तरेची गोदावरी ओलांडून छत्रपती संभाजीनगरावरून पुढे गेले, की अजिंठ्याचा डोंगर लागतो. एकेकाळी हा सारा मुलूख निजामाच्या राज्यातला. आपल्याकडील तैलचित्रकलेचे मोठे शिक्षण याच लेण्यांत झाले, आणि तेही जुने काम गिरवून, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मुंबईची जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली. युरोपातील विद्यार्थी राफाएल किंवा टिशियन समोर ठेवून हात बसवीत असे. मुंबईच्या मुलाने कोणापुढे बसावे? तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ साली त्याचे उत्तर दिले. विद्यार्थी घेऊन ते अजिंठ्यास गेले. मध्ये खंड पडत हे काम १८८५ पर्यंत चालले आणि सुमारे तीनशे प्रती तयार झाल्या. विद्यार्थ्यांत अग्रभागी होते पेस्तनजी बोमनजी.

काम सोपे नव्हते. भिंतीवरचे रंग तेलात घोटलेले नाहीत. ते सुक्या गिलाव्यावर दिलेले आहेत. तेच कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायचे, आणि तेही गुंफेच्या अंधुक उजेडात. छायाप्रकाशाने गोलाई आणण्याची सवय झालेल्या हाताला येथे रेषेचे ऐकावे लागे. पद्मपाणीच्या झुकलेल्या पापण्या नुसत्या पाहून कळत नाहीत. त्या काढू लागले, म्हणजे रेषा कोठे दाटते आणि कोठे विरते ते समजते.

या शिक्षणाची किंमतही पडली. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढविले गेले. ते पुढे काळवंडले आणि मूळ रंगांनाच झाकू लागले. प्रतींचे नशीबही बरे नव्हते. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून काढलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्याही अनेक प्रती १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. उरलेल्या तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भिंतीवरचे जे पुढे झडले, त्याचा माग काढायला त्या आज उपयोगी पडतात.

पेस्तनजी पुढे पारशी घरांतील माणसांची तैलचित्रे काढून नावारूपास आले. त्यांनी रंगविलेली माणसे बोधिसत्त्व नव्हेत, आपापल्या घरात निवांत बसलेली साधी माणसे आहेत. पण ती रंगविणाऱ्या हाताची उमेदीची वर्षे अजिंठ्याचे चेहरे गिरविण्यात गेली होती. कागद फाटला तरी कित्त्याचे वळण हातात राहते, ते असे.