बॉम्बे हाय : तेलाचा शोध आणि समुद्राची राखण

महाराष्ट्राच्या भूमीखाली खनिज तेल का सापडले नाही, याचे उत्तर बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कोणत्याही खोल विहिरीत मिळते. भवानीनगरच्या साखर कारखान्याभोवतीच्या ऊसपट्ट्यात काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हाचा बेसाल्ट. तेल तयार होण्यासाठी सेंद्रिय अवशेष मिसळलेला गाळ लागतो आणि ते साठून राहण्यासाठी सच्छिद्र खडक व त्यावर अभेद्य झाकण लागते. लाव्हाच्या या जाड थरांत ती सोय सहसा नसते. मात्र हाच पाषाण कोकणात किनाऱ्यापाशी वाकून समुद्राखाली उतरतो, त्याच्यावर पुढच्या कोट्यवधी वर्षांत सागरी गाळ आणि चुनखडक साचले, आणि महाराष्ट्राला लाभलेले तेल याच चुनखडकात, मुंबईपासून पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, ‘बॉम्बे हाय’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या क्षेत्रात सापडले.

या क्षेत्राचा इतिहास सामान्यतः आत्मनिर्भरतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु त्याच्याच पोटात दुसरा एक इतिहास आहे, तो समुद्राच्या राखणीचा. तेल शोधण्याची आखणी सुरुवातीपासून काटेकोर होती. समुद्र, किनारा आणि तेथे काम करणारी माणसे यांच्या रक्षणाची आखणी मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी एखाद्या अपघातानंतर, एकेक प्रकरण जोडत लिहिली गेली.

१९५६ साली स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने, म्हणजे आजच्या ओएनजीसीने, प्रथम जमिनीवर काम केले. १९५८ मध्ये खंबात येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल लागले, तेव्हा गुजरातचे हे गाळाचे खोरे दक्षिणेकडे समुद्रात शिरते याकडे भूवैज्ञानिकांचे लक्ष गेले. १९६०च्या दशकाच्या मध्यास ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून भारतीय व सोव्हिएत तज्ज्ञांनी खंबातच्या आखातात आणि त्याच्या दक्षिणेस भूकंपीय सर्वेक्षण केले. या पद्धतीत जहाजामागून पाण्यात कृत्रिम ध्वनिलहरी सोडल्या जातात, त्या समुद्रतळाखालच्या निरनिराळ्या थरांवरून परावर्तित होऊन येतात, आणि परत येण्यास लागलेल्या वेळावरून थरांची खोली व घडण यांचा नकाशा तयार होतो. या नकाशात समुद्रतळाखाली एक विस्तीर्ण उंचवटा दिसला. खडकांचा असा फुगवटा म्हणजे तेल अडकून राहण्याची संभाव्य जागा, आणि त्यावरूनच क्षेत्राच्या नावातील ‘हाय’ हा शब्द आला.

नकाशा हाती असला तरी विहीर घेण्याचे साधन नव्हते. १९७० मध्ये खंबातच्या आखातातील अलियाबेट येथे देशातील पहिली सागरी विहीर खणण्यास सुरुवात झाली, पण मोठे यश आले ते जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या जॅक-अप रिगमुळे. जॅक-अप रिग म्हणजे तरंगत जाऊन ठरलेल्या जागी आपले लांब पोलादी पाय समुद्रतळावर टेकवणारा आणि मग त्याच पायांवर स्वतःला लाटांच्या वर उचलून धरणारा खोदाईचा फलाट. सुमारे ७५ मीटर खोलीच्या या समुद्राला तो सोयीचा होता. १९७४च्या जानेवारीअखेर खोदाई सुरू झाली आणि फेब्रुवारीत तेल लागले. अरब-इस्राएल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले होते, त्यामुळे या बातमीचे महत्त्व देशाला समजावून सांगावे लागले नाही. पुढे एक रुपयाच्या नोटेच्या मागील बाजूस ‘सागर सम्राट’चे चित्र छापले गेले.

अन्वेषण विहीर, म्हणजे तेल आहे की नाही हे पाहण्यासाठी घेतलेली पहिली विहीर, ही तेलउद्योगातील सर्वांत अनिश्चित विहीर असते, कारण खालच्या थरांतील दाबाचा केवळ अंदाज हाती असतो. म्हणून तिची आखणी कागदावर फार आधी सुरू होते. रिगचे पाय टेकतील तेथील तळाची माती किती भार सोसेल हे नमुने काढून तपासतात, कारण कठीण पापुद्र्याखाली मऊ गाळ असल्यास एखादा पाय अचानक खाली धसून संपूर्ण रिग कलंडू शकते. विहीर एकाच व्यासाची नसते. ती टप्प्याटप्प्याने अरुंद होत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर पोलादी नळाचे अस्तर, ज्याला केसिंग म्हणतात, ते घालून त्याच्यामागची पोकळी सिमेंटने भरली जाते, जेणेकरून एका थरातील वायू वा पाणी दुसऱ्या थरात किंवा समुद्रात शिरू नये. खोदाई चालू असताना विहिरीतून सतत ‘मड’ फिरवत ठेवतात. पाणी, बेंटोनाइट माती, वजनासाठी बराइट आणि काही रसायने यांचे हे मिश्रण पात्याला थंड ठेवते, खडकाचा चुरा वर आणते आणि, हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम, आपल्या वजनाने थरातील दाब दाबून धरते. मड हलका पडला तर तेल-वायू उसळून वर येतो, जड झाला तर खडकाला भेगा पडून मडच थरात निघून जातो आणि मग वरचा भार कमी होतो. या दोन्ही मर्यादांच्या मधली वाट शोधणे हेच खोदाईचे खरे कौशल्य होय. ते फसले तर विहिरीच्या तोंडावर बसवलेला ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे नळाभोवती आवळणाऱ्या किंवा नळच कापून तोंड बंद करणाऱ्या अजस्र झडपांचा संच, हा शेवटचा आधार असतो.

ही सर्व सुरक्षितता विहिरीची होती. समुद्राच्या सुरक्षिततेसाठी १९७४ साली म्हणण्यासारखा कायदाच नव्हता; जलप्रदूषण प्रतिबंधाचा पहिला केंद्रीय कायदा त्याच वर्षी मार्चमध्ये, तेल लागल्यानंतर, संमत झाला, आणि त्याचा रोख मुख्यतः नद्या व नाल्यांकडे होता. १९४८चा तेलक्षेत्र कायदा आणि १९५९चे पेट्रोलियम नियम परवाने, भाडेपट्टे व स्वामित्वशुल्क यांची व्यवस्था पाहत होते. सागरी क्षेत्रे व अनन्य आर्थिक क्षेत्र यांविषयीचा कायदा १९७६ मध्ये आला, त्याच वर्षी मे महिन्यात बॉम्बे हायचे उत्पादनही सुरू झाले. आरंभी तेल टँकरमधून येई. नंतर समुद्रतळावरून उरणपर्यंत तेल व वायूचे स्वतंत्र नळ टाकण्यात आले. तेलाबरोबर येणारा वायू वापरण्याची सोय अपुरी असल्याने तो वर्षानुवर्षे फलाटांवर जाळून टाकला गेला. या फ्लेअरिंगने किती इंधन वाया गेले आणि किती धूर हवेत गेला, याची खंत त्या काळात आजच्याइतकी तीव्रतेने व्यक्त झाली नाही, ही गोष्ट नोंदवावीच लागते. वायूचा उपयोग वाढला तो खत कारखान्यांमुळे आणि हजिराहून उत्तरेकडे गेलेल्या वाहिनीमुळे. अलिबागजवळील थळ येथील खतप्रकल्प बॉम्बे हायच्या वायूवर उभा राहिला, आणि बारामती-इंदापूरकडे नीरेच्या कालव्यावरच्या उसाला पडणाऱ्या युरियाचा या सागरी वायूशी असा संबंध जुळला. थळच्या जागेवरून मुंबईतील पर्यावरण कार्यकर्त्यांनी केलेला विरोध हा महाराष्ट्रातील औद्योगिक प्रकल्पाच्या स्थानावरून झालेल्या पहिल्या मोठ्या पर्यावरणवादांपैकी एक होता. प्रकल्प हलला नाही, पण जागा निवडताना परिणामांचा विचार झाला पाहिजे ही मागणी सार्वजनिक चर्चेत रुजली.

१९८२च्या जुलैअखेर ‘सागर विकास’ या रिगवर विहिरीचा उद्रेक झाला आणि आग लागली. विहिरीतील दाबावरचा ताबा सुटणे म्हणजे काय, याचा भारतीय सागरी खोदाईला आलेला हा पहिला मोठा अनुभव. १९८६ मध्ये तेल उद्योग सुरक्षा संचालनालय स्थापन झाले आणि त्याच वर्षी, भोपाळच्या वायुकांडानंतर, पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९३च्या मे महिन्यात बॉम्बे हाय येथे फलाटाला जोडणारा नळ फुटून हजारो टन तेल समुद्रात पसरले. पावसाळ्याच्या तोंडावर या किनाऱ्यावर वारे नैर्ऋत्येकडून जमिनीकडे वाहू लागतात, त्यामुळे याच हंगामात सांडलेले तेल किनाऱ्याकडे येण्याचा धोका अधिक असतो, आणि खाड्यांतील खारफुटीच्या मुळांत एकदा तेल शिरले की ते काढणे जवळपास अशक्य होते. १९९४ मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना निघाली, तिच्या यादीत तेल व वायूचे अन्वेषणही आले. १९९६ मध्ये तेलगळतीशी मुकाबला करण्याची राष्ट्रीय योजना तटरक्षक दलाच्या नेतृत्वाखाली अमलात आली. बॉम्बे हायच्या पहिल्या विहिरीनंतर वीस वर्षांनी, विहिरीपूर्वी समुद्राचा अभ्यास करणे हा आखणीचा कायदेशीर भाग बनला.

सर्वांत भयंकर दुर्घटना मात्र खोदाईची नव्हती. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईत आदल्या दिवशीच्या महापुराचे पाणी अजून ओसरले नसताना, ‘समुद्र सुरक्षा’ या साहाय्यक जहाजावरील एका स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली. हवामानामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते, म्हणून त्याला क्रेनला टांगलेल्या पाळण्यातून बॉम्बे हाय क्षेत्रातीलच ‘मुंबई हाय नॉर्थ’ या उत्पादन फलाटावर नेण्याचे ठरले. वारा आणि लाटा जहाजाला फलाटाकडे ढकलत असलेल्या बाजूने ते जवळ आणले गेले, आणि जहाजाच्या हेलिकॉप्टर-तळाचा कठडा फलाटाच्या बाहेरच्या अंगाने उभ्या असलेल्या रायझरवर आदळला. रायझर म्हणजे समुद्रतळावरील वाहिनीतून वायू किंवा तेल फलाटावर आणणारा उभा नळ. तो फुटताच किलोमीटरच्या किलोमीटर वाहिनीत साठलेला वायू एका छिद्रातून बाहेर पडून पेटला, उष्णतेने शेजारचे रायझर फुटत गेले आणि सुमारे दोन तासांत फलाट कोसळला. ३८४ जणांपैकी ३६२ जण वाचले, २२ जणांचा बळी गेला. पेटलेल्या जहाजावरील दाबकक्षांत अडकलेल्या पाणबुड्यांची सुटका बऱ्याच तासांनी झाली, आणि ते जहाजही काही दिवसांनी बुडाले. जखमी माणसाला वाचवण्याच्या धडपडीतून हे घडले, म्हणून दोष एखाद्या व्यक्तीच्या निर्णयावर टाकून प्रश्न सुटत नाही. ज्वालाग्राही नळ जहाजे लागण्याच्या बाजूला, पुरेशा आडोशाविना ठेवणारी मूळ रचनाच त्या दिवशी उघडी पडली.

२००८ मध्ये सागरी तेलकार्यातील सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम झाले आणि त्यांच्या अंमलबजावणीचा अधिकार तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आला. त्याआधी २००५ मध्येच खोदाईच्या टाकाऊ पदार्थांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली होती. त्यांनी डिझेलवर आधारित मडला बंदी केली, बराइटमधील पारा व कॅडमियम यांना मर्यादा घातल्या आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात खडकाचा चुरा टाकण्यास मनाई केली. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या तरतुदी दीर्घकाळ टिकणारे संरक्षण देतात, कारण तेलगळती बातमी होते, पण विहिरीभोवती तळावर साचणारा चुरा आणि त्यातील जड धातू कुणाला दिसत नाहीत. ते तळावरच्या शिंपल्यांत, किड्यांत आणि त्यांवर जगणाऱ्या माशांत उतरत जातात. म्हणूनच चांगल्या अन्वेषण योजनेत पाणी, तळाचा गाळ आणि त्यातील जीव यांचे नमुने खोदाईपूर्वी घेतलेले असतात, कारण आधीची स्थिती नोंदलेली नसेल तर नंतरचे नुकसान सिद्ध करता येत नाही. सर्वेक्षणातील ध्वनिलहरी एकदम पूर्ण ताकदीने न सोडता हळूहळू वाढवणे, जेणेकरून डॉल्फिन दूर जाऊ शकतील; गळती झाल्यास तेल कोणत्या महिन्यात कोणत्या खाडीकडे जाईल याचे गणित आधी मांडणे; आणि मासेमारांना वेळेवर सूचना देणे, हेही त्याच योजनेचे भाग होत. यांतील शेवटची गोष्ट बहुधा सर्वांत कमी गांभीर्याने घेतली गेली. पालघर व रायगडच्या किनाऱ्यावरील कोळी समाजाची डोल जाळी समुद्रात खुंटांना बांधलेली असतात. सर्वेक्षण जहाजाच्या मागून कित्येक किलोमीटर लांबीच्या केबल येतात, तेव्हा ही जाळी उचलावी लागतात, आणि भरतीच्या उधाणाचे ते दिवस हातचे गेले की हंगामाची कमाई जाते. फलाटांभोवतीची ५०० मीटरची प्रतिबंधित कक्षा सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, पण तिची किंमत कोण देतो हेही सांगितले गेले पाहिजे.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ ही कामगारांच्या निवासाची बार्ज बॉम्बे हायजवळ बुडून ७० हून अधिक माणसे गेली, तेव्हा वादळाचा इशारा हाती असतानाही ती सुरक्षित जागी का पोहोचली नाही हा प्रश्न देशभर विचारला गेला. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०२० मध्ये, केंद्र सरकारने मूल्यांकनाच्या अधिसूचनेत बदल करून समुद्रातील व जमिनीवरील तेल-वायू अन्वेषणास सर्वांत कडक छाननीच्या ‘अ’ गटातून काढून ‘ब-२’ गटात घातले होते. या गटातील प्रकल्पांना सविस्तर परिणाम अहवाल आणि जनसुनावणी बंधनकारक नसते. उत्पादनाच्या टप्प्यासाठी मात्र ‘अ’ गट कायम राहिला. अन्वेषण अल्पकाळ चालते आणि क्वचितच विहीर उत्पादनापर्यंत पोहोचते, हा त्यामागील युक्तिवाद होता. परंतु थरांतील दाब अज्ञात असतो तो याच टप्प्यावर, मडचे वजन अंदाजाने ठरते ते याच विहिरीत, आणि सातपाटी किंवा करंजाच्या नाखव्यांना ठाऊक असलेल्या माशांच्या विणीच्या जागा, प्रवाहांचे वळण व वाऱ्याची पहिली चाहूल योजनेत उतरण्याची वेळही रिगचे पाय तळावर टेकण्यापूर्वीचीच असते.