रथी आणि सारथी : गाडीच्या स्प्रिंगांचा इतिहास आणि आमची एक चूक

आजचा विषय ऐकून पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, ते आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस मोटारीच्या सस्पेन्शनवर बोलणार म्हणजे काय? तर खुलासा आधीच करतो. आम्ही इंजिनिअर नाही. पण आमच्या घरात एका मोटारीच्या सस्पेन्शनवरून जवळजवळ वर्षभर अबोला होता. तो अबोला समजून घेण्यासाठी आम्ही या विषयाच्या इतिहासात शिरलो आणि तिथे ओळखीचीच मंडळी भेटली.

सुरुवात जुन्या रथापासून करू. कठोपनिषदातलं रूपक आपल्या सर्वांना ठाऊक आहे. शरीर हा रथ, इंद्रियं हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी हा सारथी आणि आत्मा हा रथी, म्हणजे रथात बसलेला. ग्रीसमध्ये प्लेटोनंही 'फीड्रस' या संवादात आत्म्याला रथाचीच उपमा दिली. पण एक फरक बघा. प्लेटोच्या रथात सारथी आहे, दोन घोडे आहेत, मात्र मागे बसलेला प्रवासी नाही. आपल्या रथात प्रवासी आहे आणि रथ त्याच्यासाठीच आहे. मोटारीच्या भाषेत सांगायचं तर प्लेटोची गाडी चालवणाऱ्याची आहे, कठोपनिषदाची गाडी मागच्या सीटवरच्या माणसाची. सारथ्याला हवं असतं ते नियंत्रण : वळणावर गाडी झुकू नये, स्टिअरिंग फिरवलं की लगेच वळावी. रथीला हवा असतो आराम : खड्डा आला तरी पाठीला कळू नये. नियंत्रणासाठी स्प्रिंग कडक हवी, आरामासाठी मऊ. सस्पेन्शनचा सगळा इतिहास हा या दोघांच्या भांडणाचा इतिहास आहे, असं आमचं म्हणणं आहे.

आमच्या पिढीनं बैलगाडी पाहिली, तिच्यात बसलोही. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि आसावर थेट गाडीचा सांगाडा. दगड चाकाखाली आला की तो बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत पोचायचा. मध्ये अडवणारं काही नाही. लहानपणी नाशिकरोड स्टेशनवरून पंचवटीत यायला टांगा करायचा, तेव्हा बैलगाडीच्या मानानं तो राजेशाही वाटे. कारण त्याच्याखाली पाटे होते. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. इंग्लंडमध्ये ओबादाया एलियट या गाड्या बनवणाऱ्या कारागिरानं १८०४ साली अशा दोन कमानी समोरासमोर जोडून लंबवर्तुळाकार स्प्रिंगचं पेटंट घेतलं. घोडागाडी हलकी झाली, आरामशीर झाली, आणि पुढे मोटार आली तेव्हा तिनंही हाच पाटा उचलला.

आता हा पाटा नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्यात दडलेला आहे. पाटा एकटा तीन कामं करतो. पहिलं, गाडीचं वजन पेलतो. दुसरं, आसाला जागेवर धरून ठेवतो, पुढे-मागे किंवा आडवं सरकू देत नाही. आणि तिसरं, पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्या घर्षणानं हेलकावे शांत करतो. एका नोकराकडे घरची तीन कामं दिली की काय होतं ते आपण जाणतो. पाटा मऊ केला तर आस भलतीकडे वळतो. कडक केला तर आस जागेवर राहतो, पण बसणाऱ्याचे हाल. आणि पट्ट्यांचं घर्षण बारीक खडबडीला दाद देत नाही, त्यामुळे छोट्या रस्त्यावरच्या छोट्या गचक्यांत तर तो जवळजवळ दगडच.

यातून वाट कशी निघाली? इथे मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरची गोष्ट सांगायला हवी. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेला हा माणूस १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. आराम मोजायचं यंत्र त्या वेळी नव्हतं. म्हणून त्यानं १९३२ साली सात आसनी मोठी गाडी घेतली, तिच्यावर जड वजनं अशी बसवली की ती पुढे-मागे सरकवता येतील, आणि त्यानं व सहकाऱ्यांनी तासन्‌तास त्यात बसून स्वतःच्या शरीराला विचारलं : आता कसं वाटतंय? तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे फार भावतं. अनुभव हेच प्रमाण!

त्याला काय सापडलं? त्या काळी मागच्या स्प्रिंगा मऊ आणि पुढच्या कडक ठेवायची रीत होती. ऑली म्हणाला, उलटं करा. पुढची चाकं उंचवटा आधी चढतात, मागची थोड्या वेळानं. मागची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद असेल, तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी डोकं-शेपूट हलवण्याऐवजी सपाट वर-खाली होते. मागे-पुढे डोलणं माणसाला जास्त त्रास देतं. पण पुढच्या स्प्रिंगा इतक्या मऊ करायच्या तर जुना अखंड आस चालेना, स्टिअरिंग थरथरू लागे. म्हणून १९३४ च्या कॅडिलॅकमध्ये पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र दुव्यांवर टांगलं गेलं आणि वजन पेलायला गुंडाळी स्प्रिंग आली.

म्हणजे काय झालं, ते बघा. पाट्याची कामं वाटून दिली गेली. वजन स्प्रिंगकडे, चाक धरून ठेवणं दुव्यांकडे. तिसरं काम उरलं, हेलकावे शमवण्याचं. गुंडाळी स्प्रिंगमध्ये घर्षण जवळजवळ नसतं. एकदा हलली की हलतच राहते. तिला आवरायला वेगळा माणूस हवा, आणि तो म्हणजे आपण ज्याला शॉकअप म्हणतो तो. नाव फसवं आहे. धक्का खाते ती स्प्रिंग. शॉकअप, म्हणजे तेलानं भरलेली नळी आणि तिच्यात बारीक छिद्रांतून सरकणारा दट्ट्या, हा धक्क्यानंतरचा डोल थांबवतो.

इथे आपल्या नाशिकचा धागा जुळतो. अमेरिकेत क्लीव्हलँडला क्लॉड फॉस्टर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीचा एक सुरेल भोंगा काढला आणि देवदूत गॅब्रिएलच्या तुतारीवरून त्याला नाव दिलं. पुढे त्याच नावानं त्यांनी गाडीचे हेलकावे आवरणारं साधन विकलं. त्या नावाची कंपनी भारतात १९६१ साली मुंबईत सुरू झाली आणि आज आपल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तिचा शॉकअपचा कारखाना आहे. तिथून पांडवलेणी फार लांब नाहीत. लेण्यांकडे पाहिलं की आम्हांला बुद्धानं सोण नावाच्या भिक्षूला दिलेला वीणेचा दाखला आठवतो : तार फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. शॉकअपचं नेमकं हेच. फार घट्ट असेल तर स्प्रिंग हलतच नाही, खड्डा सरळ अंगावर येतो. फार सैल असेल तर गाडी होडीसारखी डुलत राहते.

आता भारतात येऊ. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसॅडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. पुढे पीळ घेणारे पोलादी दांडे, मागे पाटे. मागची सीट मात्र सोफ्यासारखी. आपल्याकडे मोठ्या गाडीचा मालक गाडी चालवत नसे, मागे बसत असे. मंत्री, कलेक्टर, कारखानदार, सगळे रथी. सारथी पगारी. त्याला वळणावर काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरची कुर्ल्यात बनणारी पद्मिनी त्या मानानं चपळ. दादर ते नाशिक शेअर टॅक्सीनं ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना कसारा घाटातला तो डोल आठवत असेल. एकाच्या मांडीवर दुसरा, आणि तिसऱ्याचं डोकं खिडकीबाहेर! त्याचंही कारण आहे. अंगणातला दोन मीटर कड्यांचा झोपाळा सुमारे तीन सेकंदांत एक झोका पुरा करतो. गाडी इतक्या संथ लयीत डोलू लागली की पोटात ढवळतं. उलट सेकंदाला चार ते आठ कंपनं असतील तर ती मणक्याला सर्वांत जास्त जाणवतात. चांगल्या आलिशान सेदानची लय यांच्या मधली, सेकंदाला एक किंवा थोडी जास्त.

१९९४ साली मर्सिडीज भारतात आली आणि पुढच्याच वर्षी पिंपरीत टेल्कोच्या आवारात तिच्या सेदान जुळवल्या जाऊ लागल्या. त्या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच दुवे होते. ऑलीनं सुरू केलेली कामांची वाटणी इथे पूर्ण झाली असं म्हणता येईल. चाकाचा कोन राखणं हे दुव्यांचं काम, म्हणून स्प्रिंग निर्धास्तपणे मऊ ठेवता आली. रथी आणि सारथी दोघेही खूश. दोघांनी थोडी थोडी माघार घेऊन हे साधलेलं नाही. एकाच पाट्यावर लादलेली कामं वेगळी केली, म्हणून साधलं. वर्गात आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो की, बरेच वाद दोन गोष्टींना एक नाव दिल्यानं होतात. मोटारीनं ते लोखंडात करून दाखवलं.

आणि एवढं सगळं आम्हांला चूक केल्यानंतर कळलं. आता ती चूक सांगतो.

२०१६ साली आमच्या चिरंजीवांनी दहा वर्षं जुनी एक जर्मन सेदान घेतली. गाडी देखणी, पण घाटात डुलायची, खड्ड्यात खडखडायची. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, साहेब, अपग्रेड करून टाका. कडक आणि आखूड स्प्रिंगा, मोठी चाकं, पातळ टायर. चिरंजीव खूश, आणि खरं सांगायचं तर आम्हीही खूश. आम्हांला पुढच्या सीटवर बसून वाटायचं, वा, काय चिकटून वळतेय! मागे कोण बसणार होतं? आमच्या सौभाग्यवती. त्यांच्या कमरेच्या मणक्यातली चकती सरकलेली. त्यांना विचारलं का? नाही विचारलं.

ठाण्याला त्यांच्या बहिणीकडे निघालो. कसारा घाट गाडीनं झोकात उतरला. पण शहापूरच्या पुढे एका गतिरोधकावर पोट आपटलं, इंजिनचं तेल गळू लागलं. ठाण्याला पोचल्यावर ह्यांना गाडीतून उतरता येईना. तीन दिवस त्या बहिणीकडे झोपून होत्या. परत आल्या त्या रेल्वेनं. आणि म्हणाल्या, "तुमची गाडी तुम्हांला लखलाभ. मी त्यात बसणार नाही." पुढचं जवळजवळ वर्षभर बसल्या नाहीत. बहिणीकडचं जाणंही तुटलं. त्या वर्षातच बहीण आजारी पडली होती, हे आम्ही आज बोलून दाखवतोय.

आमची चूक काय होती? थोडं गणित बघा, सोपं आहे. गाडीच्या वजनानं स्प्रिंग २५ सेंटीमीटर दबत असेल, तर गाडीची लय सेकंदाला एक हेलकावा. ११ सेंटीमीटर दबली तर दीड. जेमतेम ६ दबली तर दोन. आखूड कडक स्प्रिंग म्हणजे आलिशान सेदानची लय काढून तिला ट्रकच्या जवळ नेणं. शिवाय चाकाला वर उठायला जागाच उरली नाही. जुने शॉकअप मूळच्या मऊ स्प्रिंगसाठी बेतलेले, आणि तेही दमलेले, ते या कडक स्प्रिंगेला आवरू शकेनात. आणि टायर. आधीचा होता २२५/५५, १६ इंची चाकावर. म्हणजे रबराची भिंत २२५ च्या ५५ टक्के, सुमारे १२४ मिलिमीटर. नवा २४५/४०, १८ इंची. भिंत ९८ मिलिमीटर. बाहेरून चाक तेवढंच दिसतं, पण मधली इंचभर हवेची गादी गेली. थोडक्यात, शंभर वर्षांत वेगळी केलेली कामं आम्ही पुन्हा एका स्प्रिंगेवर लादली. पैसे देऊन पाट्याच्या युगात गेलो.

गतिरोधकाचंही सांगायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसची १९८८ ची मार्गदर्शक तत्त्वं अशी होती : उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. असा गतिरोधक अंगाला लागत नाही. आपल्या गल्लीत रात्रीतून उगवतात ते उंचीला तेवढेच, रुंदीला मात्र हातभर. आपल्या देशात गाडीची उंची कमी करणं म्हणजे रस्त्याशी वैर घेणं.

मग दुरुस्ती केली ती दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं. त्यानं स्प्रिंगेला हात लावायच्या आधी गाडी वर उचलली आणि दुव्यांच्या टोकाची रबरी बुशं दाखवली. चिरलेली, भुसभुशीत. म्हणाला, "सर, चाक ज्यांनी धरायचं तेच सुटलेत, मग गाडी डुलणार नाही तर काय?" आधी बुशं आणि सांधे बदलले. मग चारही नवे शॉकअप, कंपनीनं नेमलेल्या मापाचे. स्प्रिंगा मूळच्या परत. चाकं १६ इंची परत. वळणावरचा झुकाव कमी करायला, दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा किंचित जाड. दोन्ही चाकं एकदम उंचवट्यावर चढली तर तो मध्ये येत नाही, एकच बाजू दबली तरच अडवतो. शेवटी चाकांचं अलाइनमेंट. खर्च आधीच्या अपग्रेडपेक्षा कमी आला. आणि कायद्याच्या बाजूनंही निश्चिंत झालो, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाला येईल तो बदल करू देत नाही.

मिस्त्रीनं आम्हांला एक अट घातली. गाडी ताब्यात घेताना तुम्ही चालवायची नाही, चिरंजीवांनीही नाही. गाडी मी चालवणार, तुम्ही दोघं मागे बसायचं. गंगापूर रोडवरून सोमेश्वरपर्यंत नेलं. चिरंजीव या गाडीत पहिल्यांदाच मागे बसले होते. पहिल्या गतिरोधकावर त्यांनी नकळत सीट घट्ट धरली. धक्का आलाच नाही. ते काही बोलले नाहीत. घरी जाऊन आईला म्हणाले, "आई, एकदा बसून बघ. तू सांगशील तसं पुढचं."

सौभाग्यवती बसल्या. पहिली फेरी पाथर्डी फाट्यापर्यंत, दुसरी घोटीपर्यंत, आणि मग ठाण्याला. बहीण तोवर बरी झाली होती, हे आमचं नशीब.

तेव्हा मित्रहो, तुमच्यापैकी कुणी गाडीचं सस्पेन्शन सुधारायला निघाला असेल, तर आधी बुशं बघा, मग शॉकअप, मग टायर. स्प्रिंग सर्वांत शेवटी. आणि गॅरेजात जाण्याआधी, मागच्या सीटवर जे माणूस बसणार आहे त्याला विचारून जा. वेळ संपलेली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.